कन्सोलच्या गेमप्लेचं रेकॉर्डिंग स्वच्छ यावं म्हणून: एचडीएमआय केबलपासून अपलोडपर्यंत

टीव्हीवर चकचकीत दिसणारा खेळ यूट्यूबवर धुरकट, फिकट किंवा अडखळत दिसला की बहुतेकांचा हात आधी बिटरेटकडे, म्हणजे दर सेकंदाला साठवल्या जाणाऱ्या माहितीच्या आकड्याकडे, जातो. आकडा दुप्पट करतात, फाइल दुप्पट होते, चित्र मात्र आहे तसंच राहतं. कारण बिघाड तिथे नसतोच. कॅप्चर कार्ड चुकीच्या पोर्टात असतं, काळा रंग राखाडी होऊन आलेला असतो, नाहीतर रूपांतर करताना दर सेकंदाच्या ६० फ्रेममधल्या ३० कुणाच्या लक्षात न येता गळालेल्या असतात. एका टप्प्यावर गेलेलं पुढच्या टप्प्यावर परत मिळत नाही. त्यामुळे खालची कामं त्याच क्रमाने करा आणि मधल्या तपासण्या टाळू नका.

गृहीत धरलेली मांडणी अशी: प्लेस्टेशन ४ किंवा ५, एक्सबॉक्स किंवा स्विच, त्याला एचडीएमआय कॅप्चर कार्ड (कन्सोलचं चित्र संगणकात पोहोचवणारं उपकरण), विंडोजचा संगणक, त्यावर ओबीएस हे रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर. पीएस२ आणि त्याआधीच्या कन्सोलसाठी वेगळा टप्पा आहे, कारण तिथल्या अडचणीच वेगळ्या. कन्सोलमधल्याच रेकॉर्ड बटणावर तुमचं भागत असेल तर पहिला टप्पा वाचा आणि थेट रूपांतरावर या. फक्त स्विचवर त्या बटणाच्या भरवशावर राहू नका: मूळ स्विच शेवटची ३० सेकंदंच साठवतो, तीही ७२०पी आणि ३० फ्रेमने.

तयारी: कार्ड, पोर्ट आणि डिस्क

खोक्यावर '४के' लिहिलंय म्हणून कार्ड घेऊ नका. स्वस्तातल्या पेनड्राइव्हएवढ्या कार्डांवर लिहिलेलं ४के म्हणजे कार्ड ४के सिग्नल आत घेऊ शकतं, एवढंच. संगणकाला ते काय देतं हे वेगळं. वर्णनात 'कॅप्चर' किंवा 'आउटपुट' या शब्दांपुढचा आकडा बघा.

हिशेब सोपा आहे. १०८०पी ६० फ्रेमचं न दाबलेलं चित्र, नेहमीच्या वायूवाय२ स्वरूपात, सेकंदाला जवळपास २ गिगाबिट होतं. यूएसबी २.० ची कागदावरची कमाल क्षमता ४८० मेगाबिट. म्हणजे यूएसबी २.० चं कार्ड चित्र आधी एमजेपीईजीमध्ये दाबतं आणि मगच पाठवतं, शिवाय बऱ्याचदा फ्रेमही ३० वर आणतं. गवत, पाऊस, धूर असल्या दृश्यांत दिसणारे चौकोनी डाग तिथे तयार होतात, ओबीएसमध्ये नाही. यूएसबी ३.० चं कार्ड घ्या आणि ते ३.० च्याच पोर्टात लावा. निळी जीभ असलेलं पोर्ट बहुतेक वेळा ३.० असतं, पण लॅपटॉपवर रंगाचा भरवसा नाही. पोर्टाशेजारी 'एसएस' कोरलेलं आहे का पाहा. मध्ये हब नको. कार्डासोबत आलेली केबल फेकू नका, कारण ड्रॉवरमधली टाइप सी चार्जिंगची केबल दिसायला तशीच असते आणि आतून अनेकदा २.० निघते.

डिस्कवरच्या जागेचा अंदाज: ४० मेगाबिटच्या सरासरीने रेकॉर्ड केलं तर तासाला १८ जीबी. वेगाच्या दृष्टीने हे सेकंदाला ५ मेगाबाइट फक्त, साधी हार्ड डिस्कही हसत लिहील. एसएसडी हवीच असं नाही. मात्र बाहेरची डिस्क एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली नको. तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही आणि रेकॉर्डिंग पंधरा मिनिटांच्या आतच तुटतं.

टप्पा १: कन्सोलची सेटिंग्ज, कार्ड लावण्याआधी

हे सगळं कन्सोल थेट टीव्हीला जोडलेला असताना करायचं. कार्ड मध्ये टाकल्यावर स्क्रीन काळी राहिली, तर सेटिंग बदलायला मेन्यूच दिसणार नाही.

१. एचडीसीपी, म्हणजे एचडीएमआयवरचं कॉपीबंदीचं कुलूप, बंद करा. पीएस५ वर सेटिंग्ज → सिस्टिम → एचडीएमआय मध्ये आणि पीएस४ वर सेटिंग्ज → सिस्टिम मध्ये 'एनेबल एचडीसीपी'ची खूण काढा. ती काढलेली असताना नेटफ्लिक्ससारखी ॲप चालणार नाहीत. रेकॉर्डिंग झालं की पुन्हा चालू करा. एक्सबॉक्स आणि स्विचवर खेळांसाठी हे करावं लागत नाही. पीएस३ वर तर ही सोयच नाही, त्याचं रेकॉर्डिंग कंपोनंट केबलनेच करायचं.

२. रिझोल्यूशन हाताने ठरवा. कार्ड १०८०पी घेत असेल तर कन्सोलवरही 'ऑटोमॅटिक' न ठेवता १०८०पी निवडा. कन्सोलने ४के द्यायचं आणि कार्डाने ते लहान करायचं, असा उलटा उद्योग नको. कार्डातलं लहान करणं बहुतेक वेळा कन्सोलपेक्षा ओबडधोबड असतं.

३. एचडीआर (जास्त उजेड आणि रंगांचा सिग्नल), व्हीआरआर (बदलता फ्रेम दर) आणि १२० हर्ट्झ बंद. एचडीआरचा सिग्नल साध्या कार्डात गेला की रंग उडालेले दिसतात आणि नंतर कितीही सॅच्युरेशन वाढवलं तरी चेहरे मेणाचेच राहतात. यूट्यूबवर एचडीआरच टाकायचं असेल तर तो रस्ता वेगळा आहे, त्याला कार्डापासून एडिटिंगपर्यंत सगळंच तसं लागतं.

४. आरजीबी रेंज 'लिमिटेड' करा, म्हणजे रंगांचे आकडे ०-२५५ ('फुल') ऐवजी १६-२३५ मध्ये जातात. पीएस५ वर स्क्रीन अँड व्हिडिओ → व्हिडिओ आउटपुट मध्ये, स्विचवर टीव्हीच्या सेटिंगमध्ये. एक्सबॉक्सवर व्हिडिओ फिडेलिटीच्या पानावर कलर स्पेस 'स्टँडर्ड' ठेवा, 'पीसी आरजीबी' नको. या एका सेटिंगमुळे सर्वांत जास्त व्हिडिओ फिकट होतात. त्याची नीट तपासणी तिसऱ्या टप्प्यात आहे.

५. स्क्रीनचा आकार १०० टक्के. टीव्ही कडा कापतो म्हणून अनेकांनी कधीतरी 'ॲडजस्ट डिस्प्ले एरिया'मधून चित्र लहान केलेलं असतं आणि ते विसरलेलं असतं. तेच रेकॉर्ड होतं: चारही बाजूंनी काळी पट्टी आणि आतलं प्रत्येक अक्षर किंचित पुसट. टीव्ही कडा कापत असेल तर दुरुस्ती टीव्हीत करायची, त्याच्या पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काहीतरी असतं.

६. आवाज लिनियर पीसीएम, म्हणजे न दाबलेला. डॉल्बीचा बिटस्ट्रीम कार्डाला कळत नाही. मग शांतता मिळते नाहीतर खरखर.

टप्पा २: जोडणी

कन्सोलमधून कार्डाच्या 'इन'मध्ये, कार्डाच्या 'आउट'मधून टीव्हीला, आणि यूएसबी संगणकाला. खेळायचं टीव्हीकडे बघून. ओबीएसच्या खिडकीत चित्र थोडं उशिरा येतं आणि ते बघत खेळलात तर रेकॉर्डिंग उत्तम येईल, खेळ मात्र गचाळ होईल.

हेडफोन कंट्रोलरला लावले की प्लेस्टेशन सगळा आवाज तिकडे वळवतं आणि एचडीएमआयवर शांतता होते. दोन तास खेळून झाल्यावर मुकी फाइल हातात येते ती यामुळे. हेडफोन टीव्हीला किंवा संगणकाला लावा.

> तपासा: ओबीएस उघडण्याआधी कार्डातून टीव्हीवर चित्र आणि आवाज दोन्ही येतात ना? इथे अडलं असेल तर संगणकावर काही शोधत बसू नका. केबल बदला, एचडीसीपी पुन्हा पाहा.

टप्पा ३: ओबीएसमध्ये कार्ड ओळखवणं

सोर्समध्ये 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस' घ्या. 'रिझोल्यूशन/एफपीएस टाइप' डिफॉल्टवर सोडू नका. कस्टम करून १९२०×१०८० आणि ६० किंवा ५९.९४ भरा. 'व्हिडिओ फॉरमॅट'मध्ये एनव्ही१२ किंवा वायूवाय२ निवडा. यादीत ते दोन्ही असून ६० फ्रेमला फक्त एमजेपीईजी चालत असेल, तर कार्ड २.० च्या पोर्टात बसलंय असं समजा आणि तयारीच्या भागाकडे परत जा. कलर स्पेस ७०९, कलर रेंज लिमिटेड.

६० की ५९.९४? बरेच कन्सोल प्रत्यक्षात ५९.९४ देतात. ओबीएस ६० वर असेल तर साधारण दर १७ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा लिहिली जाते. मारामारीच्या दृश्यात कुणाला कळणार नाही, पण रस्त्याच्या शर्यतीत किंवा बाजूला सरकणाऱ्या खेळात बारीकसा हिसका जाणवतो. कार्डासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये येणाऱ्या सिग्नलचा दर लिहिलेला असतो. तो पाहून ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये तोच ठेवा, ५९.९४ हा पर्याय यादीत आहे.

आता रंगांची तपासणी. पाच मिनिटांचं काम आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

खेळ अशा जागी थांबवा जिथे स्क्रीनवर पूर्ण काळं काहीतरी आहे: लोडिंगची स्क्रीन, दृश्याच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या. ओबीएसमध्ये सोर्सवर उजवं क्लिक करून स्क्रीनशॉट घ्या, तो पेंटमध्ये उघडा, ड्रॉपरने काळा भाग उचला आणि रंगाचे आकडे बघा. तिन्ही शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ हवेत. १६ च्या आसपास आले तर कन्सोल लिमिटेड पाठवतोय आणि ओबीएस त्याला फुल समजतंय. अख्खा व्हिडिओ धुक्यात बुडवल्यासारखा दिसतो तो असा.

शून्य आलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. उलटी चूकही शून्यच दाखवते. कन्सोल फुल पाठवत असेल आणि ओबीएस लिमिटेड समजत असेल, तर गडद भागातलं सगळं काळ्यात बुडतं. त्यासाठी खेळाच्याच ब्राइटनेसच्या पानावर जा, जिथे 'डावीकडचं चिन्ह जेमतेम दिसेल इतपत ठेवा' असं लिहिलेलं असतं. टीव्हीवर ते जेमतेम दिसतंय आणि स्क्रीनशॉटमध्ये साफ गायब झालंय, तर रेंज चुकली आहे.

> थांबा: चूक सापडली तर ओबीएसमध्ये कलर करेक्शनचा फिल्टर लावून ती झाकू नका. सेटिंग जुळवा. काळ्यात बुडालेला तपशील कुठलाही फिल्टर परत आणत नाही.

टप्पा ४: रेकॉर्डिंगची सेटिंग्ज

सेटिंग्ज → व्हिडिओ: बेस कॅनव्हास आणि आउटपुट दोन्ही १९२०×१०८०. लॅपटॉपची स्क्रीन १३६६×७६८ असेल तर ओबीएस पहिल्यांदा कॅनव्हासही तेवढाच धरतं, चित्र आधी लहान होतं, मग कुणीतरी आउटपुट १०८०पी करून ते पुन्हा ताणतं. मेन्यूतली बारीक अक्षरं चुरगळलेली दिसली की आधी इथे बघा.

सेटिंग्ज → आउटपुट: मोड 'ॲडव्हान्स्ड' करा आणि रेकॉर्डिंगच्या टॅबवर या. सिम्पल मोडमध्ये रेकॉर्डिंग क्वालिटी 'सेम ॲज स्ट्रीम' असते आणि थेट प्रक्षेपणासाठी ठेवलेला किरकोळ बिटरेट रेकॉर्डिंगलाही लागतो. बिटरेटबद्दलची तक्रार जिथे खरोखर रास्त असते ती ही एकच जागा.

- एन्कोडर (चित्र दाबून फाइल करणारा भाग): एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर एनव्हीईएनसी, इंटेल असेल तर क्विक सिंक. दोन्ही नसेल तरच एक्स२६४.
- रेट कंट्रोल: सीबीआर (ठरावीक बिटरेट) नको, ठरावीक गुणवत्ता हवी. एनव्हीईएनसीला सीक्यूपी १८, एक्स२६४ ला सीआरएफ १८ आणि प्रीसेट 'व्हेरीफास्ट'. आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. १४ च्या खाली फाइल फुगते, डोळ्याला फरक दिसत नाही.
- फॉरमॅट: एमकेव्ही.

एमकेव्हीबद्दल थोडं जास्त, कारण यूट्यूबवरचे बरेच धडे सरळ एमपी४ निवडायला सांगतात. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. मध्येच लाइट गेली, संगणक अडकला, तर ती लिहिलीच जात नाही आणि १५ जीबीची फाइल उघडत नाही. एमकेव्ही तुटली तरी तुटलेल्या क्षणापर्यंत चालते. नंतर फाइल → रीमक्स रेकॉर्डिंग्ज मधून एमपी४ करता येते. त्यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही, फक्त डबा बदलतो. तासाभराची फाइल काही मिनिटांत होते.

आवाजाचे ट्रॅक वेगळे ठेवा. 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये ट्रॅक १ वर सगळं, २ वर फक्त खेळ, ३ वर फक्त माइक, आणि रेकॉर्डिंगच्या टॅबवर तिन्हींना खूण. बोलण्याच्या वेळी खेळाचा आवाज कमी करायचा, मधला प्रेशर कुकर काढायचा, हे नंतर जमतं. सॅम्पल रेट सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ: ओबीएसमध्ये, विंडोजच्या माइकच्या सेटिंगमध्ये आणि एडिटिंगच्या प्रोजेक्टमध्ये.

टप्पा ५: तीन मिनिटांची चाचणी

मेन्यू रेकॉर्ड करू नका. कन्सोल आणि संगणक दोघांनाही घाम फुटेल असं दृश्य निवडा: स्फोट, पाऊस, भरधाव गाडी. बोलत राहा. सुरुवातीला आणि शेवटी माइकसमोर कंट्रोलरचं बटण एकदा खटकन दाबा, असं की त्याच क्षणी खेळात गोळी सुटेल.

रेकॉर्डिंग चालू असताना व्ह्यू → स्टॅट्स उघडं ठेवा. 'एन्कोडिंग लॅग'मुळे सुटलेल्या फ्रेमचा आकडा वाढत असेल तर एन्कोडरवर ताण आहे, प्रीसेट हलका करा. 'रेंडरिंग लॅग' वाढत असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे, मागे उघडलेला ब्राउझर बंद करा. लॅपटॉप चार्जरवर आहे ना, तेही पाहा. बॅटरीवर तो स्वतःच वेग कमी करतो.

मग फाइल व्हीएलसीमध्ये उघडा आणि 'ई' ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. ६० फ्रेमच्या खेळात चालत्या दृश्याची प्रत्येक फ्रेम आधीच्यापेक्षा वेगळी दिसली पाहिजे. दोन-दोन सारख्या येत असतील तर कुठेतरी ३० झालंय: कार्ड, सोर्स, नाहीतर ओबीएसचा एफपीएस. खेळच ३० फ्रेमचा असेल तर मात्र हे बरोबर आहे, उगाच शोधाशोध नको.

खटक्याचा आवाज आणि गोळी यांत सुरुवातीला आणि शेवटी सारखंच अंतर असेल तर 'सिंक ऑफसेट'मध्ये तेवढे मिलिसेकंद भरून काम संपतं. शेवटचं अंतर सुरुवातीपेक्षा वाढलं असेल तर ऑफसेटने काही होणार नाही. आवाज हळूहळू सरकतोय, सॅम्पल रेट कुठेतरी ४४.१ राहिलाय.

टप्पा ६: पीएस२ आणि त्याआधीचे कन्सोल

इथे सगळ्यांत जास्त नुकसान करणारी वस्तू म्हणजे पिवळी-लाल-पांढरी पिन एचडीएमआयला जोडून देणारा छोटा पांढरा डबा. तो इंटरलेस्ड (एक सोडून एक ओळी पाठवलेलं) चित्र घाईघाईने जोडतो, ४:३ चं १६:९ करतो आणि वर ७२०पी किंवा १०८०पीचा शिक्का मारतो. पुढे कितीही महागडं कार्ड लावा.

काय येतंय ते आधी समजून घ्या. पाल आणि एनटीएससी या जुन्या टीव्ही प्रणाली. पाल पीएस२ सेकंदाला ५० फील्ड (अर्धी चित्रं) देतो, एनटीएससी ५९.९४. प्रत्येक फील्डमध्ये एक सोडून एक अशा ओळी. खेळ गुळगुळीत दिसतो तो या ५० किंवा ६० क्षणांमुळे. दोन फील्ड जोडून एक फ्रेम केली की निम्मी हालचाल गेली. जुन्या खेळांत मार लागलेलं पात्र लुकलुकतं ना, ते एका क्षणी दाखवलं जातं आणि पुढच्या क्षणी वगळलं जातं. ३० फ्रेममध्ये ते एकतर पूर्ण गायब होतं किंवा अजिबात लुकलुकत नाही. रूपांतर बरोबर झालं की नाही हे ओळखायची याहून सोपी खूण नाही.

१. केबल. कंपोझिटपेक्षा एस-व्हिडिओ बरी, त्यापेक्षा कंपोनंट. पीएस२ ला कंपोनंट लावणार असाल तर जुनी केबल असतानाच सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये 'कंपोनंट व्हिडिओ आउट' आरजीबीवरून वायसीबीसीआर करा. नंतर केलं तर हिरवट, विचित्र चित्रात मेन्यू शोधत बसावं लागेल. काही खेळ सुरू होताना त्रिकोण आणि एक्स दाबून धरले की ४८०पीचा पर्याय देतात. तो मिळाला तर इंटरलेसिंगची कटकटच मिटली. बऱ्याच पाल खेळांत ६० हर्ट्झचा पर्यायही असतो, तो घ्या.

२. कार्डाला प्रणाली सांगा. सोर्सच्या 'कॉन्फिगर व्हिडिओ'मध्ये पाल किंवा एनटीएससी निवडा. चित्र कृष्णधवल आलं किंवा वर सरकत राहिलं तर निवड चुकली आहे.

३. ओबीएसचा एफपीएस पालसाठी ५०, एनटीएससीसाठी ५९.९४. सोर्सवर उजवं क्लिक → डीइंटरलेसिंग (फील्डांच्या पूर्ण फ्रेम बनवणं) → 'याडिफ २एक्स'. यातला '२एक्स' महत्त्वाचा. नुसतं याडिफ निम्म्या फ्रेम देतं.

४. फील्डचा क्रम. 'टॉप फील्ड फर्स्ट' ठेवून एखादी सरळ जाणारी गाडी पाहा. ती दोन पावलं पुढे, एक मागे अशी थरथरली तर 'बॉटम' करा.

५. कॅनव्हास १४४०×१०८० ठेवा आणि सोर्सला ट्रान्सफॉर्म → स्ट्रेच टू स्क्रीन द्या. कार्डाकडून ७२०×५७६ किंवा ७२०×४८० येतं, पण दाखवायचं ४:३ मध्ये असतं. ते तसंच सोडलं तर चेहऱ्यांचं माप बिघडतं, आणि १६:९ मध्ये ताणलं तर सगळे पैलवान जाडे होतात.

नव्वदच्या दशकात घरोघरी असलेल्या आठ-बिट काडतुसांच्या खेळांची गोष्ट आणखी वेगळी. ते इंटरलेस्ड नसतातच. प्रत्येक फील्ड हे स्वतःच पूर्ण चित्र असतं, फक्त कार्ड त्यांना जोड्या समजतं. याडिफऐवजी ओबीएसचा 'रेट्रो' पर्याय आधी लावून पाहा. चित्र वरून खाली एखाद्या ओळीने थरथरलं तर फील्डचा क्रम उलटा करा.

चित्रात तिरक्या, हळू सरकणाऱ्या पट्ट्या आणि आवाजात घूं असा गुणगुणाट येत असेल तर केबलला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढा. बॅटरीवर तो थांबला तर अर्थिंगचा घोळ आहे. टीव्ही, कन्सोल आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही राहिला तर बॅटरीवरच रेकॉर्ड करा.

ज्यांना एखादा दुर्मिळ खेळ कायमचा जपून ठेवायचाय त्यांनी ओबीएस सोडून व्हर्च्युअलडब२ मध्ये हफवाययूव्ही किंवा यूटी व्हिडिओने, दाबताना काहीही न गमावता, मूळ मापात रेकॉर्ड करावं आणि डीइंटरलेसिंग नंतर करावं. तासाला ३०-४० जीबी धरा. बाकीच्यांना याची गरज नाही.

टप्पा ७: रूपांतर, आणि ते कधी करायचं नाही

एडिटिंग करायचं नसेल तर रूपांतर करू नका. एमकेव्ही रीमक्स करा आणि तीच फाइल चढवा. यूट्यूब तुमची फाइल पुन्हा दाबणारच आहे, त्याआधी आपण आणखी एकदा दाबून काय साधतो? २० मेगाबिटच्या अपलोडवर १८ जीबीला दोन तास लागतात. रात्री लावून झोपा.

एडिटिंग करणार असाल तर साखळी अशी: ओबीएसची फाइल → रीमक्स → एडिटर → एकच निर्यात. रेकॉर्डिंग आधी हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून 'हलकं' करून मग एडिटरमध्ये घालायची सवय अनेकांना असते. त्यात चित्र एकदा जास्त दाबलं जातं आणि गुणवत्ता फुकट जाते. एडिटर अडखळत असेल तर त्यातलीच प्रॉक्सीची (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रतीची) सोय वापरा. टाइमलाइनचा फ्रेम रेट पहिली क्लिप टाकण्याआधी ठरवा. दाविंची रिझॉल्व्हमध्ये तो २४ वर असतो आणि टाइमलाइनवर क्लिप पडल्यावर बदलता येत नाही.

हँडब्रेक लागतं ते दोन वेळा: नेट इतकं हळू आहे की मूळ फाइल चढवणं अशक्य, किंवा इंटरलेस्ड मूळ फाइल हातात आहे. तेव्हा:

१. फाइल उघडल्याबरोबर निवडलेला प्रीसेट 'फास्ट १०८०पी३०' असतो. नावातच ३० आहे. व्हिडिओच्या टॅबवर फ्रेमरेट 'सेम ॲज सोर्स' आणि 'कॉन्स्टंट' करा. हे पहिलं काम.

२. डायमेन्शन्समध्ये क्रॉपिंग 'नन'. ऑटोमॅटिक क्रॉप काळ्या कडा शोधून कापतं. अंधारी गुहा किंवा अवकाश असलेल्या खेळात ते खऱ्या चित्रालाच कात्री लावतं.

३. फिल्टर्समध्ये आधुनिक कन्सोलसाठी सगळं बंद. डीनॉइज, शार्पन काही नको. इंटरलेस्ड फाइल असेल तर डीइंटरलेस 'बीडब्ल्यूडीआयएफ', प्रीसेट 'बॉब'. फ्रेमरेटच्या चौकटीत मग ५० किंवा ५९.९४ हाताने निवडा.

४. गुणवत्ता: एक्स२६४, आरएफ १८, प्रीसेट 'मीडियम' किंवा वेळ असेल तर 'स्लो'. आवाज एएसी, ३२० केबीपीएस.

५. समरीमध्ये एमपी४ आणि 'वेब ऑप्टिमाइझ्ड'ला खूण.

> थांबा: डीइंटरलेसिंग नेहमी आकार बदलण्याआधी. हँडब्रेक हा क्रम स्वतः पाळतं. एडिटरमध्ये इंटरलेस्ड क्लिप सरळ १०८०पीच्या टाइमलाइनवर ओढली तर तो पाळला जाईलच असं नाही, आणि एकदा ताणलेल्या दातेरी कडा नंतर कुठल्याच फिल्टरने जुळत नाहीत.

> तपासा: तयार फाइल आणि मूळ फाइल, दोन्ही मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फ्रेम रेट, फ्रेम रेट मोड, रिझोल्यूशन आणि कलर रेंज या चार ओळी जुळतात का? रिझोल्यूशन मुद्दाम बदललं असेल तर तेवढीच वेगळी दिसायला हवी.

टप्पा ८: अपलोड

यूट्यूबची १०८०पी ६० फ्रेमसाठीची शिफारस १२ मेगाबिटची आहे, १४४०पीसाठी २४ ची. आपली फाइल त्याहून जाड असेल तर उत्तमच. खरी मेख दुसरीच आहे. छोट्या चॅनेलचा १०८०पी व्हिडिओ बहुतेक वेळा एव्हीसी१ या जुन्या कोडेकमध्ये (दाबण्याच्या पद्धतीत) आणि तुटपुंज्या बिटरेटवर दाबला जातो. १४४०पी किंवा त्याहून मोठा व्हिडिओ दिला की व्हीपी९ मिळतो आणि तोच व्हिडिओ १०८०पीवर पाहणाऱ्यालाही तो चांगला दिसतो. म्हणून अखेरच्या निर्यातीत, आणि फक्त तिथेच, १०८०पीचं १४४०पी किंवा २१६०पी करा. २१६०पी म्हणजे बरोबर दुप्पट. पिक्सेल आर्टचे खेळ असतील तर दुप्पटच करा आणि ओबीएसमध्ये सोर्सचं स्केल फिल्टरिंग 'पॉइंट' ठेवा, नाहीतर चौकोनी कडा विरघळतात. ४:३ च्या जुन्या खेळांसाठी १९२०×१४४०. बाजूला काळ्या पट्ट्या स्वतः जोडू नका, प्लेयर त्या दाखवतोच.

व्हिडिओ चढल्यावर लगेच जाहीर करू नका. सुरुवातीला फक्त ३६०पी तयार असतं आणि पहिले प्रेक्षक तेच पाहून 'क्वालिटी खराब' असं लिहून जातात. 'अनलिस्टेड' ठेवा. मोठी रिझोल्यूशन्स आली की व्हिडिओवर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा आणि कोडेकची ओळ वाचा. तिथे व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसलं तर जाहीर करा. एव्हीसी१ दिसत असेल तर काही तास थांबून पुन्हा बघा. रूपांतर अजून चालू असू शकतं. दुसऱ्या दिवशीही तेच असेल तर निर्यात झालेल्या फाइलचं रिझोल्यूशन मीडियाइन्फोमध्ये तपासा, बहुधा ती १०८०पीच निघेल.

ओबीएसची मूळ फाइल हे सगळं तपासून होईपर्यंत उडवू नका. नंतर भाग कापून पुन्हा चढवायचा झाला तर तिच्यातूनच कापा. यूट्यूब स्टुडिओतून परत उतरवलेली एमपी४ बऱ्याचदा ७२०पीच हातात येते.